फिश सपर, चिपी टी, वन अँड वन: फिश अँड चिप्सला कुठे काय म्हणतात?

प्रश्न थोडक्यात असा: एडिनबरात नुकतीच शिकायला आलेली एक विद्यार्थिनी भर दुपारी दुकानात गेली. फळ्यावर ‘फिश अँड चिप्स’ कुठेच नव्हतं, ‘फिश सपर’ होतं. दुपारी कसलं सपर, म्हणजे रात्रीचं जेवण, म्हणून तिने नुसतं ‘फिश’ मागितलं आणि हातात फक्त तळलेला मासा आला. तिचा लीड्सचा मामेभाऊ याच खाण्याला ‘चिपी टी’ म्हणतो, डब्लिनची मैत्रीण ‘वन अँड वन’. हे सगळं एकच का, कुठे काय मागायचं आणि गोमांस न खाणाऱ्याने काय पाहायचं, असं तिने विचारलं आहे.

मी आधी यॉर्कशायरमध्ये (उत्तर इंग्लंडातला भाग, लीड्स त्यातच) आणि मग स्कॉटलंडमध्ये फ्रायर म्हणून काम केलं आहे, म्हणजे रोज कढईसमोर उभा असतो, त्यामुळे या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर देतो. पदार्थ सगळीकडे एकच आहे. पांढऱ्या मांसाचा समुद्रातला मासा बॅटरमध्ये, म्हणजे भज्यांसारख्या पातळ पिठात, बुडवून तळायचा आणि सोबत जाड कापून तळलेला बटाटा द्यायचा. (आपण ज्यांना वेफर्स म्हणतो त्यांना तिथे क्रिस्प्स म्हणतात. चिप्स म्हणजे बोटाएवढे जाड, आतून मऊ तुकडे.) पण नाव बदललं की बहुतेक वेळा आणखीही काहीतरी बदललेलं असतं: जवळच्या बंदरात उतरणारा मासा, तळायची चरबी किंवा तिथे पहिल्यांदा दुकानं थाटणाऱ्या माणसांचा मुलूख. म्हणून नावांची यादी पाठ करण्यापेक्षा त्या नावात काय गृहीत धरलंय ते कळलेलं बरं.

एडिनबरापासूनच सुरुवात करू. स्कॉटलंडमध्ये दुकानातलं ‘सपर’ म्हणजे ‘चिप्ससकट’. वेळेशी त्याचा संबंध नाही, सकाळी अकरालाही सपरच. फिश सपर, सॉसेज सपर, व्हाइट पुडिंग सपर, हॅगिस सपर, सगळ्यांत चिप्स आल्याच. (व्हाइट पुडिंग म्हणजे ओट्स आणि चरबीचं सॉसेज. हॅगिस म्हणजे मेंढीचं हृदय, यकृत, फुप्फुस आणि ओट्स यांचं मिश्रण. फळ्यावर दिसेल, म्हणून माहीत असू द्या.) नुसता मासा हवा असेल तर ‘सिंगल फिश’ म्हणायचं. तुम्ही ‘फिश’ म्हणालात आणि समोरच्याने सिंगल बांधून दिला, त्यात त्याची चूक नाही. तिथल्या बोलीत तुम्ही तेच मागितलं होतं.

यापुढचा प्रश्न तुम्हाला नक्की येणार: ‘सॉल्ट अँड सॉस?’ हा खास एडिनबरा आणि आसपासचा. सॉस म्हणजे केचप नव्हे. आंबटगोड ब्राऊन सॉस व्हिनेगर घालून पाण्यासारखा पातळ करतात आणि बाटलीतून थेट चिप्सवर ओततात. ‘हो’ म्हणालात की सगळ्या चिप्स न्हाऊन निघतात. पहिल्यांदा खाणार असाल तर तो बाजूला डबीत मागून घ्या. आगगाडीने जेमतेम तासभर पश्चिमेला ग्लासगोला गेलात की तिथे विचारतात ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’ आणि एडिनबराचा सॉस म्हटलं की ग्लासगोकर तोंड वाकडं करतात. दोन्ही शहरांत हा अभिमानाचा विषय आहे. मला विचाराल तर कुरकुरीत बॅटरवर व्हिनेगर चांगलं, कारण ते पटकन जिरतं आणि आवरण लगेच लिबलिबीत होत नाही. सॉस खायचाच तर चिप्सवर खावा, माशावर नको.

स्कॉटलंडमध्ये कुठलाही खुलासा न करता ‘फिश’ म्हटलं की तो हॅडॉक असतो. ईशान्य किनाऱ्यावरचं पीटरहेड हे ब्रिटनमधलं पांढऱ्या माशांचं सर्वांत मोठं बंदर. तिथे हॅडॉक मुबलक उतरतो, म्हणून त्याचं नावही घ्यावं लागत नाही. अख्खा हॅडॉक बघायला मिळाला तर खांद्याजवळचा काळा ठिपका बघा, कुणी अंगठा दाबल्यासारखा. त्याला सेंट पीटरचा अंगठा म्हणतात. कॉड या दुसऱ्या पांढऱ्या माशापेक्षा हॅडॉकची चव किंचित गोडसर आणि मांसाच्या पाकळ्या बारीक. अ‍ॅबर्डीनकडे गेलात तर दुकानालाही ‘चिपर’ म्हणतात. हाच शब्द आयर्लंडमध्ये आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी ‘चिपी’.

आता लीड्सचा मामेभाऊ. उत्तर इंग्लंडमध्ये ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं मुख्य जेवण, साडेपाच-सहाच्या सुमाराचं. चिपीतून आणलेलं ते ‘चिपी टी’. त्यात चहा असेलच असं नाही. चहा हवा असेल तर बसून खायच्या जागी ‘फिश टी’ मागा. व्हिटबी, स्कारबरासारख्या किनाऱ्यावरच्या गावांत मासा, चिप्स, लोणी लावलेला पाव आणि किटलीभर चहा या नावाने मिळतो. चिपी टीचा वार बहुतेक घरांत शुक्रवार. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याच्या जुन्या ख्रिस्ती प्रथेतून तो आला आणि प्रथा न पाळणाऱ्यांच्या घरीही टिकला. शुक्रवारी संध्याकाळी आम्हाला पाणी प्यायची फुरसत नसते.

काउंटरवर जुनी माणसं अजून ‘वन ऑफ ईच’ म्हणतात, म्हणजे एक मासा, एक चिप्स. ‘फिश अँड चिप्स ट्वाइस’ म्हणजे दोन माणसांचं. दुकानाच्या पाटीवर ‘फिशरीज’ लिहिलेलं दिसलं तर ते मत्स्यखात्याचं ऑफिस समजू नका, यॉर्कशायरमध्ये चिपीच्या नावात हा शब्द सर्रास असतो. आणि ‘स्क्रॅप्स?’ असं विचारलं तर हो म्हणा. मासा सोडताना बॅटरचे थेंब तेलात पडून कुरकुरीत होतात, ते झाऱ्याने काढून ठेवलेले असतात, आपल्याकडे भजी तळून झाल्यावर कढईत उरणाऱ्या चुऱ्यासारखे. बहुतेक जागी फुकट मिळतात. दक्षिण वेल्समध्ये त्यांनाच ‘स्क्रम्प्स’ म्हणतात.

यॉर्कशायरच्या एका वस्तूविषयी मला जास्त लिहायचं आहे, कारण बाहेरून येणारा तिथे हमखास चकतो. ती म्हणजे फिशकेक. लंडनमध्ये फिशकेक मागितला तर उकडलेला बटाटा आणि मासा कुस्करून, ब्रेडचा चुरा लावून तळलेली टिक्की मिळते. यॉर्कशायरचा फिशकेक निराळा. मोठ्या बटाट्याच्या दोन कच्च्या चकत्या, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या. मासे कापताना शेपटीकडचे आणि कडेचे जे तुकडे उरतात ते या चकत्यांच्या मध्ये दाबून बसवायचे, अख्खा गोळा बॅटरमध्ये बुडवायचा आणि सोडायचा. इथे खरी कसोटी लागते. मासा लवकर शिजतो, कच्च्या बटाट्याला वेळ लागतो. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून सोनेरी आणि आत चकती करकरीत कच्ची. म्हणून माशापेक्षा थोड्या कमी आचेवर जास्त वेळ ठेवायचा आणि मधे उलटायचा. नीट जमला तर मासा बटाट्याच्या वाफेत शिजतो आणि बटाट्याला माशाचा रस लागतो. मासा आणि बटाटा एकाच घासात येतात. फिश अँड चिप्सच्या खालोखाल मला हाच आवडतो आणि स्वस्तही पडतो. त्याच बटाट्याची एकच चकती, मासा न घालता बॅटरमध्ये तळली, की तिला उत्तरेत ‘स्कॅलप’ म्हणतात. शिंपल्यातला स्कॅलप मिळेल या आशेने शेफील्डच्या चिपीत ऑर्डर दिलीत तर बटाटा येईल.

यॉर्कशायरला मासा म्हणजे बहुधा हॅडॉकच, आणि तोही कातडी काढून. दक्षिणेला कॉडचं राज्य, आणि कातडी बहुतेक जागी ठेवतात. लंडनमध्ये म्हणूनच ‘फिश’ असं मोघम मागत नाहीत, माशाचं नाव घेऊन मागतात: कॉड अँड चिप्स, प्लेस अँड चिप्स, स्केट अँड चिप्स. आणि ‘रॉक’.

हा रॉक, पूर्ण नाव रॉक सॅमन, आणखी एक नाव हस. सॅमनशी त्याचा काहीही संबंध नाही. डॉगफिश या छोट्या शार्कचं ते बाजारातलं नाव, म्हणजे आपल्या कोकण-गोव्याकडची मोरी किंवा मुशी ज्या कुळातली, त्याच कुळातला हा मासा. काटा नाही, मधे फक्त एक कूर्चेचा दांडा, मांस घट्ट आणि चवदार. ज्याने मोरीचं सुकं खाल्लंय त्याला लंडनचा रॉक लगेच ओळखू येईल. मोरी घेताना आपल्या बायका वास घेऊन बघतात, तेच इथेही करावं लागतं. शार्क आणि पाकट यांच्या मांसात युरिया असतो आणि मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो. बॅटर कितीही चांगलं असो, तो वास लपत नाही. रॉकचा पहिला घास नाकात चढला तर तो परत करा, संकोच करू नका. पूर्वी यासाठी वापरला जाणारा स्पायनी डॉगफिश अतिमासेमारीने फार कमी झाला. शार्कची पिल्लं थोडी आणि वाढ हळू, त्यामुळे ती संख्या लवकर भरून येत नाही. मी स्वतः रॉक क्वचितच घेतो.

लंडनला हा पदार्थ कुठून आला, हेही इथेच सांगतो. बॅटर किंवा पिठात तळून गार खायचा मासा स्पेन-पोर्तुगालमधून हाकलल्या गेलेल्या सेफार्डी ज्यूंनी इंग्लंडमध्ये आणला. तळलेला बटाटा उत्तरेच्या गिरणी गावांत खपत होता. दोन्ही एकत्र विकणारं पहिलं दुकान कोणाचं, यावर आजही वाद आहे. लंडनचे लोक १८६० च्या सुमाराचं पूर्व लंडनमधलं जोसेफ मालिन यांचं नाव घेतात, तर लँकशायरचे लोक १८६३ च्या सुमाराचं, मॉस्ली बाजारातलं जॉन लीज यांचं. त्यानंतर वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर बोटी आणि रेल्वे यांमुळे बर्फातला मासा आतल्या गिरणी गावांपर्यंत एका रात्रीत पोहोचू लागला. कामगार बायका दिवसभर गिरणीत, घरी चूल पेटवायला वेळ नाही. अशा घरांना गरम, पोटभर आणि स्वस्त जेवण मिळालं. दुसऱ्या महायुद्धात मांस, लोणी, साखर रेशनवर गेली, पण फिश अँड चिप्स सरकारने रेशनबाहेर ठेवलं. ते गरिबाचं जेवण होतं म्हणूनच त्याला गावोगाव घरगुती नावं पडली असं मी मानतो.

डब्लिनच्या ‘वन अँड वन’ची गोष्ट गोड आहे. १८८० च्या दशकात ज्युझेप्पे चेर्वी नावाचे इटालियन गृहस्थ डब्लिनला आले आणि त्यांनी ट्रिनिटी कॉलेजजवळ, आजच्या पिअर्स स्ट्रीटवर, मासा आणि चिप्सचं दुकान थाटलं. पत्नी पाल्मा यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्या गिऱ्हाइकाला बोटाने दाखवून विचारत, यातलं एक आणि त्यातलं एक? त्यातून ‘वन अँड वन’ रुळलं, असं डब्लिनकर सांगतात. आजही आयर्लंडमधल्या बऱ्याच चिपरवाल्या घराण्यांचं मूळ रोमच्या दक्षिणेकडच्या कासालात्तिको या एका डोंगरी गावात आणि त्याच्या आसपास आहे. स्कॉटलंडच्या चिपींमागेही इटालियनच आहेत, पण ग्लासगोकडचे पुष्कळसे टस्कनीतल्या बार्गाचे. डब्लिनला गेलात तर ‘रे’ मागा. रे म्हणजे पाकट, त्याच्या पंखाचं मांस लांब धाग्यांनी सुटतं. कॉड कुठेही मिळेल, ताजा रे तिथेच खावा. (वासाचा वर दिलेला नियम यालाही लागू.) बेलफास्टला मात्र पुन्हा स्कॉटलंडसारखं ‘फिश सपर’. तिथल्या ‘पेस्टी सपर’मध्ये डुकराचा खिमा आणि बटाटा असतो, नावावरून ते कळत नाही.

बाकीच्या जागा भरभर घेतो. वेल्श भाषेत ‘पिस्गोद आ स्ग्लोदियॉन’, पाट्यांवर दिसतं. कार्डिफमध्ये ‘हाफ अँड हाफ’ म्हणजे अर्ध्या चिप्स, अर्धा भात आणि वर करी. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्रीत ‘ऑरेंज चिप्स’ मिळतात. चिप्सनाच पातळ बॅटर लावून तळतात आणि रंगासाठी त्यात हळद किंवा पाप्रिका घालतात, आपल्या माणसांना हमखास आवडतात. विगनला ‘पी वेट’ मागितलं की मशी पीजच्या (शिजवून मऊ केलेल्या वाटाण्यांच्या) पातेल्यातलं वरचं हिरवं पाणी चिप्सवर घालतात. हलमध्ये चिप्सवर लालसर चिप स्पाइस, म्हणजे पाप्रिका घातलेलं मीठ, भुरभुरतात.

समुद्रापार गेलं की नाव बदलणाऱ्या गोष्टींत मासाच जास्त दिसतो. मेलबर्नला ‘फ्लेक’ मागतात, तोही लहान शार्कच, गमी शार्क. न्यूझीलंडला ‘लेमनफिश’ नावाने जो विकतात तो त्याचाच भाऊबंद. शार्क म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून तिन्ही देशांतल्या मासेवाल्यांनी त्याला नवं नाव दिलं. कोकणात मोरीला मोरी म्हणूनच चवीने खातात, हे मला फार आवडतं. केप टाउनला मासा हेक किंवा स्नूक आणि ‘स्लॅप चिप्स’, म्हणजे मुद्दाम मऊ, लोंबणाऱ्या, व्हिनेगर प्यालेल्या चिप्स. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये जुन्या माणसांच्या तोंडी ‘फिश’ म्हणजे कॉडच, दुसऱ्या कुठल्याही माशाचं मग नाव घ्यावं लागतं.

नाव काहीही असो, दुकान चांगलं आहे का ते ओळखायच्या दोन खुणा सांगतो. मासा तयार करून तापवणाऱ्या कपाटात रांगेने ठेवलेला असेल तर थांबा आणि ताजा तळून मागा, पाच-सात मिनिटं लागतात. मासा आधी कोरडा पुसावा लागतो, मग सुकं पीठ, मग गार बॅटर. साधारण १८० अंशांच्या तेलात तो एकदम टाकायचा नाही. शेपटीचं टोक धरून पुढचा भाग तेलात क्षणभर हलवायचा, आवरण धरलं की आपल्यापासून लांब सोडायचा. मासा पुसला नसेल तर बॅटर आणि मांस यांच्यामध्ये चिकट, पिठूळ थर राहतो. पहिला तुकडा मोडताच तो दिसतो. मांस ओलसर, वाफाळतं आणि पाकळ्या आपोआप सुटणारं हवं.

दुसरी खूण चिप्सचा रंग. ब्रिटनमध्ये बरीच दुकानं मॅरिस पायपर हा १९६६ साली बाजारात आलेला वाण वापरतात, त्यात पिष्ट भरपूर. पण बटाटा फार थंडीत साठवला की पिष्टाची साखर होते आणि चिप्स आत शिजायच्या आधीच बाहेरून तपकिरी पडतात. जून-जुलैत जुना बटाटा संपत येतो आणि नवा अजून पाणचट असतो. त्या दिवसांत उत्तम दुकानाच्या चिप्सही थोड्या मऊ लागतील, तेवढ्यावरून दुकान टाकू नका.

आता गोमांसाचं. हे सगळ्यांनी नीट वाचा, कारण फळ्यावर ते क्वचितच ठळक लिहिलेलं असतं. यॉर्कशायर आणि उत्तर इंग्लंडच्या इतर काही भागांत तळायला ‘बीफ ड्रिपिंग’ वापरतात, म्हणजे गाईबैलाची वितळवलेली चरबी. तिथले फ्रायर चवीसाठी तिच्यावरच अडून बसतात, आणि व्यावसायिक म्हणून सांगायचं तर कुरकुरीतपणा तिच्यात उत्तम येतो. पण याचा अर्थ लीड्सच्या बऱ्याच दुकानांत निव्वळ बटाट्याच्या चिप्सही गोमांसाच्या चरबीत तळलेल्या असतात. तुमच्या मामेभावाकडे गेलात की चिप्स खाण्याआधी विचारा. इतरत्र बहुधा पाम, रेपसीड किंवा सूर्यफुलाचं तेल असतं, पण स्कॉटलंडमध्येही काही दुकानं ड्रिपिंग वापरतात, त्यामुळे शहरावरून अंदाज बांधू नका. गार झालेल्या कागदावर पांढरा, मेणचट थर गोठला असेल तर ड्रिपिंग किंवा पाम असतं, म्हणजे डोळ्यांनी खात्री होत नाही. ग्रेव्हीत बीफचा रस असू शकतो, विचारून घ्या. मशी पीज म्हणजे रात्रभर सोडा घालून भिजवलेले सुके वाटाणे, त्यात सहसा मांस नसतं. करी सॉस सौम्य आणि गोडसर, पण त्यातही मांसाचा रस आहे का ते विचारावं.

शाकाहारी मैत्रीण सोबत असेल तर दुसरा प्रश्नही हवा. तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच कढईत सॉसेज आणि हॅगिस तळतात का? काही दुकानांत चिप्सची कढई वेगळी असते, काहींत नसते. काउंटरवर फक्त एवढं म्हणा: ‘व्हॉट डू यू फ्राय इन?’ उत्तरात ‘ड्रिपिंग’ किंवा ‘बीफ फॅट’ आलं तर थँक यू म्हणून बाहेर पडा. ‘व्हेजिटेबल ऑइल’ आलं तर चिप्सची कढई वेगळी आहे का तेवढं विचारून घ्या. कोणी वाईट मानत नाही, हा प्रश्न आम्हाला रोज येतो.